आधी गॅलरीत, मग मशीनवर

पमे, सोमवारी नवी बॅच बसायची आहे आणि तिला काय शिकवायचं ते अजून ठरलेलं नाही. तुला जाऊन पंधरवडाही झालेला नाही. तुझ्या घरात गावाहून आलेली माणसं अजून आहेत, तात्या कोणाशी धड बोलत नाहीत, आणि मी इथे आपल्या वर्गात बसून सिलॅबस ठरवतेय. लाज नाही वाटत का, असं तू म्हणाली असतीस. मग स्वतःच खुर्ची ओढून समोर बसली असतीस.

शोकसभेत एका गृहस्थांनी तुला 'गिरणगावातल्या संगणक-शिक्षणाची अग्रणी' म्हटलं. मी मागच्या रांगेत होते. तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस आणि मालवणीत असं काही पुटपुटली असतीस की मला तोंडावर पदर धरावा लागला असता. मला म्हणाले, तुम्हीही चार शब्द बोला. मी नाही बोलले. त्या चार शब्दांत तू मावत नव्हतीस, आणि खरं सांगायचं तर मला तुझ्याबद्दल बोलायचंच नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं टाकून तू उठून गेलीस आणि मी एकटीच तावातावाने बसलेय.

तुझे तात्या आणि माझे अण्णा एकाच गिरणीतले. तात्या साचेखात्यात मागावर, अण्णा रिंगखात्यात सुतावर. तुम्ही मालवणकडचे, लालबागच्या चाळीत. आम्ही भोईवाड्यातले, बौद्ध. मागावर सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून एकेकाळी आमच्या लोकांना तिथे घेतच नसत, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू खोटं म्हणालीस आणि घरी जाऊन तात्यांना जाब विचारलास. तात्या जेवत होते. "होय गो, घेयत नाय होते," म्हणाले आणि पुढचा घास घेतला. त्या दिवशी तू जेवली नाहीस, हे तुझ्या आईने मला नंतर सांगितलं. तुला राग आला की तो आधी पोटावर निघायचा.

संप लागला तेव्हा आपण शाळेत होतो, एकाच बाकावर. संप लांबत गेला तसं तुमच्या चाळीतलं एकेक बिऱ्हाड गावाला निघालं. तूही आईबरोबर गेलीस. तात्या मागे राहिले, गेट मीटिंगांना जात राहिले, आणि शेवटपर्यंत गिरणीच्या आत गेले नाहीत. माझे अण्णा गेले. संप चालू असताना, पोलिसांच्या गाडीतून, मान खाली घालून अण्णा कामावर गेले. आमच्या दाराच्या कडीला कोणीतरी हिरव्या बांगड्या अडकवून ठेवल्या. आई त्या काढून कचऱ्यात टाकत होती, अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, आणि मी शाळेचा गणवेश घालून तशीच उभी होते.

शाळेत माझ्या बाकावर कोणी बसेना. मग तू गावाहून परत आलीस. काळवंडलेली, वाळलेली, डोळे तेवढे मोठे. दारात उभं राहून सगळा वर्ग बघितलास, सरळ माझ्याकडे आलीस, दप्तर आपटलंस आणि म्हणालीस, "सरक." बास. त्या विषयावर त्यानंतर तू कधी चकार शब्द काढला नाहीस आणि मीही काढला नाही. तू मला आणि अण्णांनाही माफ केलंस, असं मी धरून चालले. पुढची सगळी वर्षं मी तसंच धरून चालले होते.

मग दादरचा तो कॉम्प्युटर क्लास. संपानंतर जिकडेतिकडे तशा पाट्या लागल्या होत्या. अण्णांनी पगारातून मला तिथे घातलं. तुझ्या घरी तेव्हा दोन वेळची मारामार. तुझ्या आईची खानावळ बसली होती, कारण जेवायला येणारे कामगारच उरले नव्हते. तू मला म्हणालीस, "तू जा, शीक, आणि संध्याकाळी येऊन मला सांग." मी हसले. मशीन न बघता ही बया कोबोलसारखी कॉम्प्युटरची भाषा शिकणार! तू तोंड फुगवून बसलीस. दुसऱ्या दिवशी तूच खानावळीतले रिकामे डबे काढून गॅलरीत मांडलेस आणि म्हणालीस, दाखव.

तिथून ती गॅलरी सुरू झाली. डब्यावर खडूने नाव लिहायचं, आत चिठ्ठी टाकायची. डबा म्हणजे व्हेरिएबल, चिठ्ठी म्हणजे त्यातली किंमत. लूप आला की गॅलरीच्या टोकाच्या पाण्याच्या पिंपापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, दर फेरीला चिठ्ठी बदलायची, अट पुरी झाली की थांबायचं. एकदा माझी अट चुकली आणि तू फेऱ्या मारतच राहिलीस. मी म्हटलं, पुरे गं. तर म्हणालीस, "तुझ्या प्रोग्रॅमात थांब कुठे लिवलंय? मशीन काय तुझ्यासारखी दमणार?" शेजारच्या काकूंनी दारातून तुझ्या आईला हाक मारली, "अगो, तुझ्या चेडवाक काय झाला बघ!" तुझी आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, शिकतेय ती. शिकणं असं असतं हे तिला पटलं होतं, यावर मी आजही विश्वास ठेवायला तयार नाही.

हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात तुला हिशेबाला लावलं आणि तिथे पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तू आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावलास. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत सगळा प्रोग्रॅम टाइप केलास आणि तो चालला. मी मशीनसमोर बसून शिकलेली, माझे प्रोग्रॅम चार वेळा आपटल्याशिवाय उठत नसत. त्या संध्याकाळी मी तुझ्यावर मनापासून जळले होते. तुला ते कळलं होतं आणि तू मजेत होतीस.

आपण वर्ग काढला तो तुमच्याच चाळीत. एक बिऱ्हाड कायमचं गावाला गेलं, त्यांची खोली मिळाली. खाली मसाल्याचे डंक. उन्हाळ्यात मिरची कुटायला आली की वरचा सगळा वर्ग शिंकायचा आणि फ्लॉपीच्या खाचेत तिखट जाऊन मशीन बंद पडायची. तू त्या खाचेला रुमाल बांधायचीस. शिकायला यायची ती बंद पडलेल्या गिरण्यांतल्यांची मुलं. एका घरातून एकच मूल यायचं आणि एकदाच यायचं. बाप म्हणायचा, बाई, हिला असं काहीतरी शिकवा की उभी राहील. दुसरा कोर्स लावायची त्या घरात ताकद नसायची. म्हणून काय शिकवायचं हा आपल्या दोघींत कधी आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. आपण चुकीचं निवडलं तर ते मूल बसलं, इतकं ते सरळ होतं. बाहेर मोठ्या क्लासेसच्या रंगीत पत्रकांवर पंधरा नावं छापलेली असायची आणि प्रत्येकाची ओळख आठवड्यात. तू ते पत्रक हातात घेऊन म्हणायचीस, "ही काय मासळीची पाटी आहे? सगळ्यातलं थोडं थोडं?"

तुझा नियम एकच. जे गॅलरीत चालवून दाखवता येत नाही ते आपण शिकवायचं नाही. आधी गॅलरीत, मग मशीनवर. फॉक्सप्रो, ती नोंदी ठेवायची आणि शोधायची भाषा, तुला त्यासाठीच आवडायची. मुलं ओळीने उभी केली की झाली फाइल. पहिल्यापासून एकेकाला विचारत जायचं, तू शिवडीचा का, तू शिवडीचा का, जो हो म्हणेल त्याने पुढे यायचं. ढ मुलालासुद्धा कळायचं की आत काय चाललंय. पुस्तकं निवडायचीही तुझी रीत वेगळीच. फोर्टात फुटपाथवर आपण जायचो, मी आपली नवी आवृत्ती कुठली ते बघायचे, आणि तू पुस्तक उलटं धरून मागची सूची उघडायचीस. चुकांबद्दल किती पानं आहेत ते मोजायचीस. "हा माणूस कधी चुकतच नाही वाटतं," म्हणून पुस्तक परत ठेवायचीस. पुस्तकवाला कपाळाला हात लावायचा. पण तू निवडलेली पुस्तकं फाटेपर्यंत वापरली गेली, हे मला कबूल आहे.

माझा हिशेब वेगळा होता. मी रविवारचं वर्तमानपत्र घेऊन नोकरीच्या जाहिराती कापायचे. त्यात जे मागितलेलं असेल ते शिकवा, एवढंच माझं म्हणणं. जाहिरातींत जेव्हा व्हीबी यायला लागलं, ते पडद्यावर बटणं मांडून प्रोग्रॅम करायचं नवं तंत्र, तेव्हा मी म्हटलं हेच घेऊया. तू एक दिवस ते बघितलंस आणि नाक मुरडलंस. "बटण दाबलं की काहीतरी होतं. कोण करतं? कुठून येतं? गॅलरीत चालवून दाखव." मला नाही दाखवता आलं. मी म्हटलं, पमे, नोकरीच्या मुलाखतीत कोणी गॅलरी विचारत नाही. तू ऐकलं नाहीस. ती बॅच फॉक्सप्रोचीच झाली आणि त्यात वैशाली होती.

वैशालीचे वडील गिरणी गेल्यावर वॉचमनचं काम करत. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, प्रोग्रॅम एकदा गॅलरीत चालला की मशीनवर कधी अडला नाही. ती मुलाखतींना जायला लागली आणि परत यायला लागली. एके दुपारी वर्गात येऊन तुझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवलंत ते मला सगळं येतं. पण ते कोणी विचारतच नाही." मी तिथेच होते. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तुझ्या तोंडाकडे बघवेना.

त्यानंतर तू माझ्याशी बोलत नव्हतीस, घरी लवकर जायचीस, मला वाटलं रुसलीय. आणि मग एके दिवशी मी जिना चढून वर आले तर गॅलरीतली सगळी दारं लोटलेली. वैशाली गॅलरीच्या मधोमध उभी. तिने एका दाराची कडी वाजवली. तेच दार उघडलं, एक पोरगा बाहेर आला, डब्यातली चिठ्ठी बदलली, परत आत जाऊन दार लोटलं. बाकीची दारं ढिम्म. दुसरी कडी वाजवली, त्यातून काकू बाहेर आल्या! काकूंनी आपलं दार आणि स्वतःला, दोन्ही तुला वापरायला दिलं होतं. तू भिंतीला टेकून उभी होतीस. "बटण म्हणजे कडी," मला म्हणालीस. "कडी वाजल्यावर कोणी उठायचं ते आपण आधीच ठरवून ठेवायचं. एवढंच आहे, आणि तू ते मला सांगू शकली नाहीस." ते जाडजूड पुस्तक घरी नेऊन तू एकटीने संपवलं होतंस. वैशालीला नोकरी लागली. मी म्हटलं, मग मानलंस ना माझं? तर म्हणालीस, "तुझं कशाला? वैशालीसाठी केलं."

पमे, तुझ्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही आणि तुझ्याइतकी मोठ्या मनाचीही नाही. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू ऐकून घेतलं नसतंस.

शेवटचं भांडण मागच्या वर्षीचं. आता जाहिराती जावाच्या आणि इंटरनेटच्या. मी म्हटलं, फॉक्सप्रो पूर्ण बंद करू, जावा घेऊ, आणि त्यावरचं फ्रेमवर्क शिकवू. तू विचारलंस ते काय असतं. मी समजावलं की सगळा सांगाडा तयारच मिळतो, आपण आपला तुकडा लिहून त्यात ठेवायचा. बाकी सगळं तो सांगाडा बघतो आणि गरज लागली की आपल्या तुकड्याला तोच हाक मारतो. मग म्हणालीस, "म्हणजे बदली कामगार." मी म्हटलं, काय? "बदली कामगार गं. सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर हाक येणार, मग आत. नाहीतर घरी. कारखाना कसा चालतो ते त्याला कोण सांगतो? आपण पोरांना ते शिकवणार? मालकाने उद्या सांगाडा बदलला की ही पोरं कुठे उभी राहणार? बापांचं काय झालं ते बघितलं नाहीस?"

तुझं चुकीचं नव्हतं. पण मीही पेटले होते. मी म्हटलं, बापांचं काय झालं ते बघितलंय म्हणूनच सांगतेय. पोट आधी भरतं, कारखाना कसा चालतो ते मग कळतं. आणि तू फॉक्सप्रोला असं धरून बसलीयस जसा काही तो संपच आहे, सोडला की गद्दारी. तेव्हा तू उठलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. म्हणालीस, "तुला काय. तुमच्यात हाक आली की लगेच आत—"

आणि तोंडावर हात ठेवलास.

वाक्य तिथेच राहिलं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी तू डब्यात तिसऱ्यांची एकशिपी, ते शिंपल्यांचं सुकं, घेऊन आलीस, माझ्यासमोर ठेवलीस, आणि आपण जावाच्या कुठल्या पुस्तकात चुकांची पानं जास्त आहेत यावर बोललो. एकशिपी मी सगळी खाल्ली. पण 'तुमच्यात' म्हणजे कोणात, पमे? माझ्या घरात, की भोईवाड्यात, की आमच्या सगळ्या लोकांत? माझ्या शेजारी दप्तर ठेवलंस तेव्हापासून हे तुझ्या पोटात होतं का? मग इतकी वर्षं माझ्याजवळ बसलीस कशी? की ते रागाच्या भरात, उगीच, तुझंही तुला कळायच्या आत बाहेर आलं? मला एवढंच हवं होतं. तू एकदा सांगितलं असतंस, काहीही सांगितलं असतंस, तरी मी ऐकून घेतलं असतं.

आणि मला काय सांगायचं होतं तेही ऐक, आता कोण अडवणार आहे. संपात तुम्ही गावाला गेलात. तिथे भात होता, नारळ होता, काका होते. उपाशी राहिलात, मला माहीत आहे, तुझ्या अंगावर तेव्हा मांस नव्हतं. पण जायला गाव होतं. आमच्या गावाला आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ज्या गावाने आजोबांना विहिरीवर चढू दिलं नाही त्या गावात अण्णा चार पोरं घेऊन कोणाच्या दारात उभे राहणार होते? अण्णांना संप नको होता असं नाही. त्यांना परवडत नव्हता. ते आत गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी चौकात उभं राहणं सोडलं, नाक्यावरचा चहा सोडला, तात्यांच्या समोरून जायचं सोडलं. आणि त्यांच्या त्याच पगारावर मी कोबोल शिकले, आणि संध्याकाळी तुमच्या गॅलरीत येऊन तुला शिकवलं. हे तुला माहीत होतं. तू कधी म्हणाली नाहीस, पण तुला माहीत होतं. तुझ्या जिभेवर ते वाक्य आलं आणि तू हात ठेवून थांबवलंस, ते त्यामुळे का?

मग तुझं दुखणं निघालं. परळचं ते कॅन्सरचं हॉस्पिटल आपल्याला लहानपणापासून ठाऊक, बाहेरगावची माणसं फुटपाथवर पथाऱ्या टाकून असतात ते. आपल्यावर कधी आत जायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी रोज दुपारी यायचे. तू म्हणालीस, रडायचं असेल तर घरी रड, इथे मला जावा शिकव. सुई लावलेला हात उताणा ठेवून तू दुसऱ्या हाताच्या बोटांवर प्रोग्रॅम चालवायचीस. अंगठा एक व्हेरिएबल, तर्जनी दुसरा. शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाटायचं तू जप करतेस. फ्रेमवर्क तुला शेवटपर्यंत आवडलं नाही. पण एकदा म्हणालीस, "बदलीवाल्यालापण कळत असतं गं कारखाना कसा चालतो. रोज वेगळ्या खात्यात जातो ना. त्याला विचारलं पाहिजे फक्त." मी म्हटलं, म्हणजे शिकवायचं? तू डोळे मिटलेस.

आणि एका दुपारी तू माझं मनगट धरलंस. म्हणालीस, "सुजे, त्या दिवशी मी..." तेवढ्यात तात्या शहाळं घेऊन आत आले. तू मनगट सोडलंस. तात्यांच्या देखत ते वाक्य पुरं करता येणार नव्हतं, हे तुलाही कळलं आणि मलाही. तू म्हणालीस, "हां, तर हा कंस कुठे बंद करायचा?" मी दाखवला. उद्या विचारू, असं मी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी सदरा घातला आणि मला म्हणाले, "मला लालबागला घेऊन चल." अण्णा तुमचा जिना कधीच चढले नव्हते. आपल्या वर्गाच्या उद्घाटनाला आले तेही खाली डंकापाशी उभे राहून परत गेलेले. आता त्यांना गुडघ्यांनी चढवेना. मी हात धरला तर झिडकारला. एकेक पायरी चढून तुमच्या दारात येऊन उभे राहिले, आत पाऊल टाकेनात. खोली माणसांनी भरलेली. तात्या कोपऱ्यात चटईवर होते. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता काही होणार.

तात्या म्हणाले, "इलंस? बस."

अण्णा त्यांच्या शेजारी बसले. तात्यांनी चटई थोडी ओढून त्यांच्याखाली सारली. मग म्हणाले, "माझां चेडू गेलां रे." अण्णांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. गिरणीचं नाव निघालं नाही, संपाचं नाही. चहा आला, दोघांनी घेतला. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते आणि मला इतका आनंद झाला, पमे, की मी मागे वळले. तुला दाखवायला वळले. तुझी आई होती मागे. ती म्हणाली, काय हवंय गो तुला? जे तुझ्याकडून मला हवं होतं ते तुझ्या बापाने माझ्या बापाला दिलं, आणि ते बघायला तू घरात नव्हतीस.

त्यानंतर मी रडते आहे ती थांबत नाही. दुकानात, बसच्या रांगेत, कुठेही. चाळिशीही गाठली नाहीस तू. मला तुझा रागही येतो. तुझ्याशिवाय मला पुस्तक निवडता येत नाही, मुलांना रागावता येत नाही. मशीन अडली की मी तुला हाक मारते आणि सगळी मुलं मान खाली घालतात.

हे लिहिता लिहिता मी जुन्या मुलांना बोलावलं. वैशाली आली, आता ती मोठ्या ऑफिसात आहे. आणखी दोघं आली जी आपल्याकडे शिकवायला मदत करतात. सगळ्यांना विचारलं, काय घ्यायचं? ते म्हणाले, बाई, तुम्ही ठरवा. मी म्हटलं, जावा घेऊ, फ्रेमवर्कसकट, फॉक्सप्रो बंद. सगळे म्हणाले, बरोबर आहे. मी म्हटलं, पण मग मुलांना आतलं काही कळणार नाही. तेही म्हणाले, बरोबर आहे. मी म्हटलं, तर मग राहू दे, जुनंच ठेवू. वैशाली माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाई."

शाळेत असल्यापासून मी काहीही म्हटलं की आधी तुझं नाही यायचं. त्या नाहीला उत्तर शोधता शोधता मला कळायचं की मला काय म्हणायचंय. शेवटी मीच ठरवलं, सोमवारी जावा सुरू होईल. कोणी हरकत घेतलेली नाही. भांडण मी जिंकले, पमे. एकदा नाही म्हण ना गं.